चरित्राच्या सावलीतील ग्रंथ : मेरी वुल्स्टनक्राफ्ट आणि वाङ्मयेतिहासाची स्मृती

१

एखादी लेखिका वाङ्मयेतिहासातून नाहीशी होते ती नेहमी विस्मरणामुळेच होते असे नाही. पुष्कळदा तिचे नाव सर्वांच्या ओठी असते, तिच्या आयुष्यातील घटनांची चर्चा होत राहते, आणि त्या चर्चेच्या ओझ्याखाली तिचा ग्रंथ मात्र न वाचलेला राहतो. विस्मरणाचा हा प्रकार अधिक दुर्लक्षित आहे, कारण तो स्मरणाच्या रूपाने वावरतो. 'अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन' (१७९२) या ग्रंथाची लेखिका मेरी वुल्स्टनक्राफ्ट (१७५९–१७९७) हिच्या कीर्तीचा दोनशे वर्षांहून अधिक काळाचा प्रवास हे त्याचे ठळक उदाहरण होय.

ब्रिटनमधील कर्तबगार स्त्रियांच्या कोणत्याही यादीत आज तिचे नाव अग्रभागी असते. तथापि तिचे कर्तृत्व नेमके कशात आहे, असा प्रश्न केल्यास मिळणारी उत्तरे बहुधा चरित्रात्मक असतात : तिने रूढी झुगारली, क्रांतिकाळातील पॅरिसमध्ये वास्तव्य केले, विवाहाविना अपत्य वाढवले, 'फ्रँकेन्स्टाइन'च्या लेखिकेला जन्म दिला. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु ज्या लेखिकेने स्त्रीला तिच्या बुद्धीवरून ओळखावे असा युक्तिवाद आयुष्यभर केला, तिची ओळख तिच्या नातेसंबंधांवरून व्हावी, ही विसंगती तपासून पाहण्याजोगी आहे. ही विसंगती कशी घडली, तिचे हत्यार कोणते होते आणि तिच्यामुळे इंग्रजी समीक्षेने काय गमावले, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

२

वुल्स्टनक्राफ्टचा जन्म लंडनमधील स्पिटलफील्ड्स येथे २७ एप्रिल १७५९ रोजी झाला. वडिलोपार्जित संपत्ती उधळणारा आणि पत्नीवर हात उगारणारा बाप, थोरल्या मुलाकडे झुकलेले घर, आणि मुलींच्या शिक्षणाबाबत संपूर्ण अनास्था, या परिस्थितीत ती वाढली. मध्यमवर्गातील अविवाहित स्त्रीला उपजीविकेचे जे मोजके मार्ग त्या काळी उपलब्ध होते, ते सर्व तिने अनुभवले. श्रीमंत वृद्धेची सोबतीण, शिवणकाम, न्यूइंग्टन ग्रीन येथील मुलींची शाळा आणि शेवटी आयर्लंडमधील किंग्जबरो या उमराव घराण्यातील शिक्षिकेची नोकरी, असा हा क्रम आहे. १७८७ साली ती नोकरी सुटली तेव्हा ती लंडनला परतली आणि प्रकाशक जोसेफ जॉन्सन याच्याकडे लेखनावर उपजीविका करू लागली. आपण एका नव्या जातीतली पहिली ठरणार आहोत, असे तिने त्या वेळी बहिणीला कळवले होते. लेखन करणाऱ्या स्त्रिया इंग्लंडमध्ये पूर्वीही होत्या; अफ्रा बेनने सतराव्या शतकातच लेखणीवर पोट भरले होते. कादंबरी किंवा नाटक यांच्या आधारावाचून, परीक्षणे, भाषांतरे आणि वैचारिक गद्य यांच्या बळावर जगू पाहणारी स्त्री मात्र खरोखरच नवी होती.

१७८८ साली जॉन्सनने थॉमस ख्रिस्ती याच्यासमवेत 'अ‍ॅनॅलिटिकल रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केले. वुल्स्टनक्राफ्ट त्याची नियमित परीक्षक झाली. त्या काळच्या प्रथेप्रमाणे परीक्षणाखाली पूर्ण नाव नसे, आद्याक्षरे असत. त्यामुळे तिची परीक्षणे नेमकी कोणती याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. एवढे मात्र निश्चित की शिक्षण, प्रवासवर्णने आणि मुख्यतः कादंबऱ्या या विषयांवर तिने विपुल परीक्षणलेखन केले. मूर्च्छा, अश्रू आणि आदर्श सौंदर्य यांनी भरलेल्या नायिका एकामागून एक वाचण्याचे हे काम कंटाळवाणे होते खरे. पण त्यातूनच तिला एका गोष्टीची जाणीव झाली. स्त्रीचा दुबळेपणा हा निसर्गाने दिलेला नसून वाचनातून, उपदेशातून आणि अनुकरणातून तयार होतो, ही ती जाणीव होय. पुढे 'व्हिंडिकेशन'मध्ये आलेली भूमिका या परीक्षणांच्या टेबलावर घडली, असे म्हणता येईल.

येथे कॅथरिन मॅकॉले (१७३१–१७९१) हिचाही उल्लेख अपरिहार्य आहे. इंग्लंडचा आठ खंडांचा इतिहास लिहिणाऱ्या या विदुषीच्या शिक्षणविषयक पत्रांचे परीक्षण वुल्स्टनक्राफ्टने १७९० साली केले आणि तिच्या विचारांचे ऋण पुढे आपल्या ग्रंथात मान्य केले. मॅकॉलेने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एकवीस वर्षांच्या तरुणाशी विवाह केला, आणि तेव्हापासून तिच्या इतिहासग्रंथापेक्षा तिच्या विवाहाचीच चर्चा अधिक झाली. अशा स्त्रीच्या स्मृतीला पुरेसा आदर न मिळता तिला मृत्यू यावा, याबद्दल वुल्स्टनक्राफ्टने 'व्हिंडिकेशन'मध्ये खेद व्यक्त केला आहे. सहा-सात वर्षांनी हाच न्याय अधिक निष्ठुरपणे तिच्याच वाट्याला येणार होता.

३

एडमंड बर्कचे फ्रेंच राज्यक्रांतीविषयीचे 'रिफ्लेक्शन्स' नोव्हेंबर १७९० च्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस वुल्स्टनक्राफ्टचे 'अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ मेन' हे उत्तर बाहेर पडले. टॉमस पेनच्या अधिक प्रसिद्ध उत्तरापूर्वीचे हे उत्तर होते. पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचे नाव नव्हते. डिसेंबरमधील दुसऱ्या आवृत्तीवर ते छापले गेले. या छोट्या पुस्तकाचे वाङ्मयीन महत्त्व असे की त्यात बर्कचे राजकारण आणि त्याचे सौंदर्यशास्त्र यांची गाठ घालून दाखवली आहे. १७५७ च्या आपल्या प्रबंधात बर्कने उदात्ताचा संबंध शक्तीशी, तर सुंदराचा संबंध लहानपणाशी, गुळगुळीतपणाशी आणि दुर्बलतेशी जोडला होता. सौंदर्याची ही व्याख्या स्त्रियांना दुबळे राहण्याचे शिक्षण देते, असा आक्षेप वुल्स्टनक्राफ्टने घेतला. सौंदर्यशास्त्रीय संकल्पनांतही सत्तासंबंध दडलेले असतात, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील समीक्षेला आपला शोध वाटला असेल. त्याचे एक स्पष्ट रूप १७९० सालीच आढळते.

१७९२ च्या ग्रंथाला निमित्त मिळाले ते फ्रान्समधील तालेराँच्या सार्वजनिक शिक्षणविषयक अहवालाचे. या योजनेत मुलींचे शालेय शिक्षण आठव्या वर्षी संपत होते आणि पुढे त्यांना घराकडे वळवण्यात येत होते. क्रांतीने मानवाचे हक्क जाहीर केले, पण अर्ध्या मानवजातीला त्यातून वगळले, ही विसंगती दाखवून देत वुल्स्टनक्राफ्टने आपला ग्रंथ तालेराँलाच अर्पण केला. तिचा मूळ युक्तिवाद साधा आहे. सद्गुण विवेकातून उद्भवत असेल, आणि स्त्रीला आत्मा आहे हे मान्य असेल, तर स्त्रीचे सद्गुण पुरुषाच्या सद्गुणांहून वेगळ्या जातीचे असू शकत नाहीत. ज्याला विवेक वापरू दिला जात नाही त्याच्याकडून नीतीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

या युक्तिवादाची मांडणी मात्र निव्वळ तात्त्विक नाही. ती वाचनाच्या मार्गाने होते. ग्रंथाचा मोठा भाग पूर्वसूरींच्या संहितांच्या बारकाईने केलेल्या तपासणीने व्यापला आहे. रूसोच्या 'एमिल'मधील सोफी, फॉर्डाइसची तरुणींसाठीची प्रवचने, डॉ. ग्रेगरीने आपल्या मुलींना दिलेला उपदेश, मिल्टनची ईव्ह यांचे दीर्घ उतारे समोर ठेवून ती त्यांची चिकित्सा करते. ज्ञान असल्यास ते लपवावे असे सांगणारा ग्रेगरी काय किंवा पुरुषाला प्रसन्न करणे हेच स्त्रीच्या शिक्षणाचे प्रयोजन मानणारा रूसो काय, दोघांच्याही लेखनातून 'स्त्री' नावाची एक वाङ्मयीन प्रतिमा घडते आणि जिवंत स्त्रिया त्या प्रतिमेच्या मापाने कापल्या जातात, हे ती दाखवते. रूसोविषयीचा तिचा आदर खरा होता, म्हणूनच ही चिकित्सा महत्त्वाची ठरते. शिष्य असूनही तिने गुरूचा ग्रंथ त्याच्याच तत्त्वांच्या कसोटीवर घासून पाहिला. पुरुषांच्या लेखनातील स्त्रीप्रतिमांची अशी पद्धतशीर चिकित्सा केट मिलेटच्या 'सेक्शुअल पॉलिटिक्स' (१९७०) पासून सुरू झाली असे सामान्यतः मानले जाते. तिचा पाया वुल्स्टनक्राफ्टने घातला होता, ही नोंद समीक्षेच्या इतिहासात व्हावयास हवी.

ग्रंथाचा विधायक भागही उपेक्षणीय नाही. पाच ते नऊ वर्षांच्या मुलामुलींसाठी शासनाने चालवलेल्या दिवसाच्या शाळा, त्यांत गरीब-श्रीमंत सर्वांना एकत्र, विनामूल्य आणि सारख्या पोशाखात शिक्षण, ही योजना तिने मांडली. स्त्रियांनी वैद्यक शिकावे, शेती सांभाळावी, दुकान चालवावे, इतकेच नव्हे तर शासनात त्यांचे प्रतिनिधी असावेत, असेही तिने सुचवले. त्याचबरोबर ग्रंथाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिचा रोख उघडपणे मध्यमवर्गीय स्त्रियांकडे आहे. नऊ वर्षांनंतर श्रमजीवी वर्गातील मुलांची वाट ती वेगळी करते. स्त्रीच्या गुलामीचे चित्र रंगवण्यासाठी पौर्वात्य जनानखान्याचे रूपक ती वारंवार वापरते आणि त्यायोगे युरोपच्या पूर्वग्रहांना हातभार लावते. वासनेविषयीचा तिचा संशय इतका तीव्र आहे की कोरा कॅप्लन आणि मेरी पूवी यांनी १९८० नंतरच्या दशकात त्यावर नेमके बोट ठेवले. या मर्यादांची चर्चा करणे म्हणजेच ग्रंथ वाचणे होय. एकोणिसाव्या शतकाने तिला दिलेली शिक्षा या स्वरूपाची नव्हती.

४

'व्हिंडिकेशन'चे प्रारंभी झालेले स्वागत प्रतिकूल होते, हा समज टिकणारा नाही. रेजिना जेन्स यांनी १९७८ साली तत्कालीन परीक्षणे तपासून दाखवून दिले की बहुतेक परीक्षकांनी ग्रंथाकडे स्त्रीशिक्षणावरील प्रबंध म्हणून पाहिले आणि त्याची प्रशंसाच केली. पहिल्या वर्षातच दुसरी आवृत्ती निघाली, फ्रेंच भाषांतर झाले, अमेरिकेत पुनर्मुद्रण झाले. हॅना मोरसारख्या सनातनी लेखिकेने ग्रंथ वाचण्याचेच नाकारले. पण असा नकार हा त्याच्या प्रसिद्धीचाही पुरावा मानावा लागेल.

परिस्थिती पालटली ती १७९८ साली. १० सप्टेंबर १७९७ रोजी, दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर अकरा दिवसांनी, वुल्स्टनक्राफ्ट प्रसूतिज्वराने निवर्तली. पती विल्यम गॉडविन याने पुढील जानेवारीतच 'व्हिंडिकेशनच्या लेखिकेच्या आठवणी' प्रसिद्ध केल्या आणि सोबत तिच्या अप्रकाशित लेखनाचे चार खंड. गिल्बर्ट इम्लेशी असलेला विवाहबाह्य संबंध, त्यातून झालेली मुलगी फॅनी, १७९५ मधील आत्महत्येचे दोन प्रयत्न, गॉडविनशी विवाहापूर्वीच जडलेले नाते, हे सारे त्याने निःसंकोचपणे सांगितले. इम्लेला लिहिलेली खाजगी पत्रेही त्या खंडांत होती. सत्यकथन हेच मानवी सुधारणेचे साधन, अशी गॉडविनची तात्त्विक श्रद्धा होती. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याच्या पुस्तकाचा परिणाम दुहेरी झाला.

पहिला परिणाम सर्वश्रुत आहे. फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि क्रांतिवादी विचारांविरुद्ध वातावरण तापले होते. 'अँटी-जॅकोबिन रिव्ह्यू'ने आपल्या पहिल्या खंडाच्या विषयसूचीत 'वेश्यावृत्ती' या शब्दाखाली वाचकाला मेरी वुल्स्टनक्राफ्टच्या नावाकडे वळवले. रिचर्ड पोलव्हेलने 'द अन्सेक्स्ड फीमेल्स' ही उपहासकविता लिहिली. रॉबर्ट साउदीसारख्या सहानुभूतिदारालाही गॉडविनने आपल्या मृत पत्नीला विवस्त्र केले असे वाटले. ज्या संस्थांनी तिला वाचक मिळवून दिला होता त्याही याच सुमारास कोसळल्या. जॉन्सनवर राजद्रोही मजकूर विकल्याबद्दल खटला होऊन १७९९ मध्ये त्याला तुरुंगवास घडला आणि 'अ‍ॅनॅलिटिकल रिव्ह्यू' बंद पडले.

दुसरा परिणाम सूक्ष्म आहे, आणि समीक्षेच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. गॉडविनने आपल्या आठवणींत पत्नीला 'स्त्रीरूपातील वेर्थर' म्हटले. आपल्या वाट्याला तर्कशक्ती आणि तिच्या वाट्याला अंतःप्रेरणा व संवेदनशीलता, अशी विभागणी त्याने केली. 'व्हिंडिकेशन' हे पद्धत आणि मांडणी यांत उणे असलेले पुस्तक आहे, असा अभिप्रायही त्याने दिला. बुद्धीला लिंग नसते असे प्रतिपादणाऱ्या लेखिकेला तिच्या सर्वांत प्रेमळ वाचकाने भावनेच्या खोलीत नेऊन बसवले. शत्रूंनी तिचे चारित्र्य हिरावून घेतले, तर पतीने तिचा युक्तिवाद. पुढील शतकाने पहिल्या अन्यायाची दखल अधूनमधून घेतली. दुसरा अन्याय अन्याय म्हणून ओळखलाही गेला नाही.

५

या घटनेचे पडसाद सर्वांत स्पष्टपणे उमटले ते तिच्या स्नेह्यांच्या मौनात. मेरी हेज ही तिची मैत्रीण आणि अनुयायी. वुल्स्टनक्राफ्टच्या मृत्यूनंतर तिने मृत्युलेख लिहिला, पुढे चरित्रात्मक टिपणही लिहिले. १८०३ साली हेजने 'फीमेल बायोग्राफी' या नावाने सुमारे तीनशे स्त्रियांची चरित्रे सहा खंडांत प्रसिद्ध केली. त्यात वुल्स्टनक्राफ्टचे चरित्र नाही. कर्तबगार स्त्रियांच्या याद्या कशा तयार होतात याचा विचार करताना ही रिकामी जागा ध्यानात ठेवावी लागते. कोणाला वगळले याचा निर्णय पुष्कळदा प्रेमळ हातांनीच घेतलेला असतो. मेरी रॉबिन्सनने स्त्रियांच्या हक्कांवरील आपले १७९९ चे पत्र टोपणनावाने छापले. मराया एजवर्थच्या 'बेलिंडा' (१८०१) मध्ये स्त्रियांच्या हक्कांची भाषा बोलते ती हॅरिएट फ्रीक हे हास्यास्पद पात्र.

१८५५ साली जॉर्ज इलियटने एका छोट्या लेखात मार्गारेट फुलर आणि वुल्स्टनक्राफ्ट यांची तुलना केली. 'व्हिंडिकेशन' दुर्मिळ झाले आहे, १७९६ नंतर त्याची आवृत्ती निघालेली नाही, आणि ते निंद्य पुस्तक असल्याचा पूर्वग्रह आहे, असे तिने नमूद केले. प्रत्यक्ष वाचल्यावर तिला ते अत्यंत गंभीर, नैतिकदृष्ट्या कठोर आणि किंचित जड वाटले. वास्तविक १८४० नंतरच्या दशकात त्याचे लंडनमध्ये पुनर्मुद्रण झाले होते. इलियटसारख्या बहुश्रुत लेखिकेलाही त्याचा पत्ता नसावा, यावरून जहाल राजकीय वर्तुळातील वाचन आणि प्रतिष्ठित वाङ्मयीन वर्तुळातील वाचन यांमधील अंतर कळून येते. जॉन स्टुअर्ट मिलच्या 'द सब्जेक्शन ऑफ विमेन' (१८६९) मध्ये तर तिचे नावही येत नाही.

१८९१ साली मताधिकार चळवळीची नेत्री मिलिसेंट गॅरेट फॉसेट हिच्या प्रस्तावनेसह 'व्हिंडिकेशन' पुन्हा निघाले. स्त्रीहक्कांच्या आंदोलनाचे जनकत्व फॉसेटने वुल्स्टनक्राफ्टला दिले, पण तिच्या आयुष्यातील गुंतागुंतीबद्दलची नापसंती लपवली नाही. चळवळीला प्रतिष्ठेची गरज होती, त्यामुळे ग्रंथ वाचवण्यासाठी चरित्र दूर सारणे तिला आवश्यक वाटले. १९२९ साली व्हर्जिनिया वुल्फने नेमकी उलट दिशा धरली. वुल्स्टनक्राफ्टचे ग्रंथ आता इतके खरे ठरले आहेत की त्यांत नवे काही दिसत नाही. तिचे जगणे मात्र एक प्रयोग म्हणून अजून जिवंत आहे, असा वुल्फचा सूर आहे. निबंध म्हणून हे लेखन अप्रतिम आहे. पण पाहिले तर वुल्फनेही, गौरवाच्याच भाषेत, संहितेवरून नजर जीवनाकडे वळवली. निंदा, संकोच आणि गौरव या तीनही भूमिकांत चरित्र हेच केंद्र राहिले.

६

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदलले. राल्फ वॉर्डलचे १९५१ चे आणि क्लेअर टोमॅलिनचे १९७४ चे चरित्र यांनी सामग्री एकत्र केली. त्याहून निर्णायक घटना म्हणजे १९८९ मध्ये जेनेट टॉड आणि मेरिलिन बटलर यांनी सात खंडांत संपादित केलेले तिचे समग्र लेखन. परीक्षणे, भाषांतरे, राज्यक्रांतीचा इतिहास, स्कँडिनेव्हियातील प्रवासपत्रे आणि 'मराया' ही अपूर्ण कादंबरी एकत्र उपलब्ध झाल्यावरच तिच्याकडे एका पुस्तकाची लेखिका म्हणून न पाहता एक विचारव्यूह म्हणून पाहता येऊ लागले. बार्बरा टेलर यांच्या २००३ मधील ग्रंथाने तिच्या युक्तिवादामागील धार्मिक आणि कल्पनाशक्तीविषयक धागे उलगडून दाखवले. संपादनासारखे वरकरणी निरस वाटणारे काम समीक्षेला किती दूर नेऊ शकते, याचा हा दाखला आहे.

तरीही जुने वळण संपलेले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यूइंग्टन ग्रीन येथे, तिने एकेकाळी शाळा चालवली त्या परिसरात, मॅगी हॅम्बलिंग यांनी घडवलेले शिल्प तिच्या नावाने उभे राहिले. शिखरावर एक लहानशी नग्न स्त्रीमूर्ती आहे. ती वुल्स्टनक्राफ्टची प्रतिमा नसून स्त्रीत्वाचे प्रतीक आहे, असे शिल्पकर्तीने सांगितले. पण वाद झाला तो त्या नग्नतेवरच. चौथऱ्यावर 'व्हिंडिकेशन'मधील वाक्य कोरलेले आहे. त्याची चर्चा त्यामानाने फारच थोडी झाली. साउदीला जे खटकले होते, त्याच जागी दोनशेहून अधिक वर्षांनी सार्वजनिक चर्चा पुन्हा येऊन थांबली.

येथून निघणारा निष्कर्ष केवळ एका लेखिकेपुरता मर्यादित नाही. स्त्रियांच्या कर्तृत्वाची नोंद घेताना वाङ्मयेतिहास अनेकदा चरित्राचा आधार घेतो, कारण चरित्र वाचनीय असते आणि ग्रंथ श्रम मागतो. चरित्राला हद्दपार करावे असे यातून सुचवायचे नाही. 'व्हिंडिकेशन'मधील उपजीविकेच्या प्रश्नांमागे शिक्षिकेची नोकरी आहे, आणि 'मराया'मधील कोंडलेल्या नायिकेमागे बालपणीचे घर आहे. प्रश्न क्रमाचा आहे. आयुष्याने ग्रंथावर प्रकाश टाकावा, ही अपेक्षा योग्य आहे. आयुष्य कळले म्हणजे ग्रंथ कळला, हे मात्र मान्य होण्यासारखे नाही. वुल्स्टनक्राफ्टने रूसो वाचला तो त्याचा ग्रंथ समोर ठेवून, वाक्यावाक्याशी वाद घालून. त्याच रीतीने तिचा ग्रंथ वाचला जाणे, हेच तिच्या कर्तृत्वाचे यथार्थ मूल्यमापन ठरेल.